मुलाचा हात आणि शिक्षकाची पेन्सिल

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात भरलेल्या पालक-सभेत केलेले भाषण)



सरस्वतीपूजा उरकली, शाळांच्या परीक्षा संपल्या, की आपल्या मंडळाच्या वाचनालयात एक प्रश्न हमखास कानी येतो. "आमच्या मुलाला चित्रकलेची आवड आहे हो, त्याला कोणत्या क्लासला घालावे?" विचारणारी आई बहुधा नव्याने बदली होऊन बंगालात आलेली असते, आणि उत्तर देणाऱ्या चार जणी चार निरनिराळ्या क्लासांची नावे सांगतात. इकडे चित्रकलेच्या वर्गांना तोटा नाही. रविवारी सकाळी कोणत्याही पाड्यातून फिरावे, एखाद्या घराच्या ओसरीवर, नाही तर क्लबाच्या खोलीत, मांडीवर फळी घेऊन बसलेली मुले दिसतातच. म्हणजे अडचण क्लास मिळण्याची नाही, निवडण्याची आहे. कार्यकारिणीने याच विषयावर चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, म्हणून आम्ही आपणापुढे उभे आहोत.

आरंभीच सांगितले पाहिजे की आम्ही चित्रकार नव्हे. या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच की या बाबतीत आम्ही एकदा चांगलीच ठेच खाल्लेली आहे. त्यानंतर मंडळाच्या रविवारच्या चित्रवर्गात सतरंजी अंथरण्यापासून रंगाच्या वाट्या विसळण्यापर्यंतची कामे करता करता अनेक वर्षे मुलांकडे आणि शिक्षकांकडे पाहत आलो आहोत. तेव्हा प्रथम त्या ठेचेची हकीकत सांगतो. बाकीचे सारे त्यातूनच निघणारे आहे.

१९९२ साली आमची कन्या पाच वर्षांची होती. आमच्या मातोश्री सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी राहत असत. दर पंधरवड्यास त्यांना पत्र जाई, आणि पत्राच्या मागील कोऱ्या बाजूवर नातीने काढलेले चित्र असे. एकदा तिने आजीचेच चित्र काढले. सुट्टीत गावी पाहिलेली, चुलीपुढे बसून भाकरी थापणारी आजी. डोके लिंबाएवढे, अंग काडीसारखे, आणि हात मात्र परातीएवढे. एकेका हाताला बोटे किती होती ते मोजण्याची सोय नव्हती. आम्ही उभयता ते चित्र पाहून पोट धरधरून हसलो, आणि मग गंभीर होऊन म्हणालो, "हिला आवड आहे, पण कोणी तरी नीट शिकवायला हवे."

जवळच एक नावाजलेला क्लास होता. भिंतीवर प्रशस्तिपत्रे, कपाटात ढाली. आम्ही तेवढेच पाहिले आणि नाव घातले. तीन-चार महिन्यांत मुलगी घरी अशी चित्रे आणू लागली की शेजारी थक्क व्हावेत. दोन डोंगर, त्यांच्या मधोमध उगवता सूर्य, खाली वळणे घेत आलेली नदी, नदीत होडी, काठी झोपडी आणि झोपडीवर वाकलेले नारळाचे झाड. पाड्यातल्या एका 'बसे आँको' स्पर्धेत तिला बक्षीसही मिळाले. स्पर्धेचा विषय 'माझी शाळा' हा होता. तिने झोपडीवर झेंडा लावून ती शाळा केली होती. आम्ही त्या चित्राला चौकट करवून ते बैठकीच्या खोलीत टांगले, आणि तसेच दुसरे तिच्याकडून काढवून मोठ्या कौतुकाने मातोश्रींना पाठविले.

काही दिवसांनी मातोश्रींचे पत्र आले. शेवटी एक ओळ होती: पत्रामागे हल्ली चित्र का नसते? आमच्या तेव्हा ध्यानात आले की क्लास सुरू झाल्यापासून मुलीने घरी आपण होऊन एकही चित्र काढले नव्हते. तिच्यापुढे कागद आणि खडू ठेवले आणि म्हटले, "आजीला आजीचंच चित्र पाठवू या." ती बराच वेळ कागदाकडे पाहत बसली. मग म्हणाली, "मला आजी येत नाही. सरांनी अजून आजी शिकवली नाही."

दुसऱ्या रविवारी आम्ही क्लासात जाऊन मागे बसलो. हे आम्ही सहा महिन्यांपूर्वीच करावयास हवे होते. चाळीसएक मुले होती. फळ्यावर चित्र काढलेले होते आणि सगळी मुले तेच उतरवीत होती. शिक्षक ओळीओळीतून फिरत, मुलाच्या हातातील पेन्सिल घेत, डोंगराची रेघ सरळ करीत, होडी नेटकी करीत आणि पुढे जात. कोठे ठिपके काढून देत. मुलाने ते जोडावयाचे. शेवटी जे चित्र घरी येई त्यात रेघ शिक्षकाची आणि रंग भरण्याची मजुरी तेवढी मुलाची. गृहस्थ वाईट नव्हते. आईबापांस घरी न्यावयास गुळगुळीत चित्र हवे असते, आणि ते न मिळाल्यास पुढच्या महिन्यात मूल दुसऱ्या क्लासात जाते, हे त्यांस अनुभवाने कळलेले होते. त्यांच्याहून अधिक दोष आमचा होता. आम्ही चित्र विकत घेतले होते आणि त्याच्या किमतीत मुलीचा हात देऊन बसलो होतो.

आता प्रश्न असा की त्या मोठ्या हातांच्या चित्रात दुरुस्त करण्यासारखे काही होते काय? मुलांच्या चित्रांचा अभ्यास करणाऱ्यांनी याचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. आम्हांस ते ठेच लागल्यावर वाचावयास मिळाले. व्हिएन्ना शहरात फ्रांत्स चिझेक नावाच्या कलाशिक्षकाने १८९७ साली लहान मुलांसाठी वर्ग उघडला, आणि मुलाचे चित्र हे मोठ्यांच्या चित्राची बिघडलेली नक्कल नसून त्याला स्वतःचा कायदा असतो, असे मानून तो चालविला. पुढे व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात वयानुसार या चित्रांच्या पायऱ्या मांडल्या. त्या प्रत्येक आईने आपल्या घरी पाहिलेल्याच आहेत. दोन ते चार वर्षांचे मूल रेघोट्या ओढते; त्यांत त्याला हात फिरविण्याचा आणि खूण उमटण्याचा आनंद असतो. चार ते सात या वयात माणूस अवतरतो, आणि पहिल्याने तर त्याच्या डोक्यातूनच हातपाय फुटतात. सात ते नऊ या काळात कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ आणि माथ्यावर आकाशाची पट्टी येते. घराच्या भिंती पारदर्शक होऊन आतील स्वयंपाकघर दिसू लागते. मूल या वयात डोळ्यांना दिसते ते काढीत नाही, त्याला ठाऊक असते आणि महत्त्वाचे वाटते ते काढते. जे महत्त्वाचे ते मोठे, जे बिनमहत्त्वाचे ते लहान किंवा गैरहजर. आजीच्या हातांचे गणित हे असे होते. चूक मुलीची नव्हती. वाचता आम्हांस येत नव्हते.

नऊ ते बारा हे वय मात्र निराळे आणि नाजूक. मूल आता स्वतःच्या चित्राकडे परक्याच्या नजरेने पाहू लागते. "हा घोडा खऱ्यासारखा दिसत नाही," असे म्हणून कागद चुरगाळते. पुष्कळ मुले याच सुमारास चित्र काढणे कायमचे सोडतात, आणि मोठेपणी "आम्हांला काही चित्र येत नाही" असे म्हणणारी तुमच्याआमच्यासारखी माणसे होतात. तेव्हा क्लास निवडताना पहिला विचार क्लासाचा नव्हे, मुलाच्या वयाचा करावा.

आमच्या मते सहा वर्षांच्या आत क्लासाची गरज नाही. मोठा कागद, जाड खडू, पाटी, ओली माती आणि न रागावणारी आई एवढे पुरते. शेजारी खेळासारखा चालणारा वर्ग असेल तर मूल आनंदाने जाईल; पण तेथे निश्चित 'शिकवितात' काय हे विचारून घ्यावे, आणि फारसे शिकवीत नसल्यास खुशाल पाठवावे! सहा ते नऊ या वयात साहित्याची विविधता जेथे आहे तो वर्ग पाहावा: आज रंग, उद्या माती, परवा कागद फाडून चिकटविणे. नवव्या वर्षानंतर मात्र शिस्तशीर शिक्षण हवे. या वयाला नुसते "तुला वाटेल ते काढ" म्हणणे म्हणजे पोहू न येणाऱ्यास "वाटेल तसे हातपाय मार" म्हणण्यासारखे आहे. घोडा घोड्यासारखा दिसावा असे मुलालाच वाटू लागले, म्हणजे वस्तू समोर ठेवून निरखणे, दूरची वस्तू लहान का दिसते, उजेड कोणीकडून येतो आणि सावली कोठे पडते, हे सांगणारा गुरू त्याला भेटला पाहिजे. मुलाने प्रश्न विचारला म्हणजे उत्तर द्यावे. प्रश्नाआधीच उत्तर लादू नये. सारे तारतम्य यात आहे.

आता प्रत्यक्ष क्लास पाहावयास जाताना काय पाहावे ते सांगतो.

पहिल्याने भिंत पाहावी. वीस मुलांची वीस चित्रे लावलेली असतील आणि ती दुरून एकच चित्र वीस वेळा छापल्यासारखी दिसत असतील, तर आल्या पावली परत फिरावे. चित्रे ओबडधोबड असोत, पण कोणते कोणाचे हे मुलांना न सांगता ओळखता आले पाहिजे.

दुसऱ्याने शिक्षकाचा हात पाहावा. तो मुलाच्या कागदावर उतरतो काय? चांगला शिक्षक काही दाखवावयाचे असल्यास ते स्वतःच्या निराळ्या कागदावर दाखवितो. मुलाच्या कागदावर फक्त मुलाची रेघ. आमचे ऐकून दुसरे काहीही लक्षात राहिले नाही तरी एवढी एक गोष्ट लक्षात ठेवावी.

तिसऱ्याने शिक्षकाचे बोलणे ऐकावे. "हे काय काढलेस?" या प्रश्नात नापसंती असते, "याची गोष्ट सांग पाहू" यात निमंत्रण असते. झाडाचा बुंधा हिरवा रंगविणाऱ्या मुलावर शिक्षक डाफरत असतील तर सावध व्हावे. आणि मूल वारंवार लाल-हिरव्यात घोटाळा करीत असेल तर त्यास रागावण्याऐवजी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावे. लाल आणि हिरव्यातील भेद न कळण्याचा जन्मजात दोष मुलग्यांत अधिक आढळतो, आणि तो कित्येकदा प्रथम चित्रांतूनच उघडकीस येतो. डावखुऱ्या मुलाच्या हातातला कुंचला उजव्या हातात देणाऱ्या शिक्षकाकडे तर मूल ठेवूच नये.

चौथी गोष्ट संख्या आणि वेळ. एका शिक्षकाच्या नजरेत बारा-पंधरा मुले राहतात, त्याहून अधिक राहत नाहीत, असा आमच्या रविवारच्या वर्गाचा अनुभव आहे. लहानांस तासभर पुरे. मोठ्यांस दोन तास चालतात. खोलीत उजेड, जवळ पाणी, स्वच्छ संडास असावा, आणि दार उघडे असावे. पालकांना मध्येच डोकावू न देणारा वर्ग कितीही नावाजलेला असला तरी तो आपल्यासाठी नव्हे.

पाचवी गोष्ट पैशाची. वर्षाची फी एकदम भरू नये. महिन्याची भरून पाहावी. रंगपेटी अमुक दुकानातूनच घ्या, स्पर्धेची फी निराळी, परीक्षेची निराळी, वार्षिक प्रदर्शनाच्या चौकटीची निराळी, असे पुढे निघत जाते. ते आधीच विचारण्यात संकोच कसला? महाग रंग हे चांगल्या वर्गाचे लक्षण नाही. कोळसा, खडू आणि वर्तमानपत्राचा कागद यांवर पुष्कळ काही होऊ शकते.

परीक्षा आणि स्पर्धा यांविषयी आपल्यात दोन टोकाची मते आहेत. आपल्यापैकी कित्येकांनी शाळेत असताना महाराष्ट्राच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या श्रेणी-परीक्षा दिल्या असतील. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन ही नावे ऐकताच खोडरबराचा वास आठवतो. तिकडे इंटरमिजिएटच्या श्रेणीबद्दल दहावीस काही वाढीव गुण देण्याची पद्धत आहे. इकडच्या बोर्डात शिकणाऱ्या आपल्या मुलांस तो लाभ नाही. इकडे खाजगी संस्थांच्या निराळ्या परीक्षा आहेत. बारा-तेरा वर्षांच्या, आवड असलेल्या मुलास अशी परीक्षा शिस्त लावते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु सहा वर्षांच्या बालकाची वर्षानुवर्षे परीक्षा घेणे म्हणजे रोप रुजले की नाही हे पाहण्यासाठी ते रोज उपटण्यासारखे आहे. स्पर्धेचेही तसेच. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४९ साली दिल्लीत मुलांची चित्रस्पर्धा सुरू केली, आणि ती पुढे जगभर पसरली; तीमागील हेतू मुलांची चित्रे मुलांची म्हणून जगाने पाहावी हा होता. स्पर्धेसाठी एकच चित्र पाठ करून घेणे, हा पुढे आईबापांनी आणि क्लासांनी लावलेला शोध. आजकाल मोबाईलवर पायरीपायरीने चित्र शिकविणारी दृश्ये मुले पाहतात, तेथेही कसोटी हीच. ते पाहून झाल्यावर मूल स्वतःचे काही काढते काय? काढीत असेल तर बिघडले नाही.

कोणी म्हणेल, इतके मोकळे सोडल्यावर मूल शिकेल कसे? याचे उत्तर शोधावयास आपणास दूर जावयाचे नाही. शांतिनिकेतन आपल्याच प्रांतात आहे. तेथील कलाभवन १९१९ साली सुरू झाले. नंदलाल बसू तेथील 'मास्टरमशाय'. विनोदबिहारी मुखर्जी विद्यार्थी म्हणून आले तेव्हा त्यांची दृष्टी बालपणापासूनच अतिशय अधू होती. असा मुलगा चित्रकला कशी शिकणार अशी नंदलालांना शंका आली. त्याला आपला मार्ग आपण शोधू द्यावा, असा रवींद्रनाथांचा कौल पडला. पुढे विनोदबिहारी या देशातील मोठे भित्तिचित्रकार झाले. नंदलालांचेच दुसरे शिष्य रामकिंकर बैज. या दोघांचे काम शेजारी ठेवून पाहावे. एका गुरूचे शिष्य म्हणून ओळखू येणार नाहीत. आपले मराठी चित्रकार विनायक मासोजी हेही नंदलालांचे शिष्य, आणि पुढे तेथेच अध्यापक. स्वतः रवींद्रनाथ तर कोणत्याच क्लासाला गेले नाहीत. कवितेच्या हस्तलिखितातील खोडाखोडीच्या रेघा जोडता जोडता त्यांच्या हातून आकार उमटू लागले, आणि १९३० साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले तेव्हा त्यांचे वय सत्तरीच्या घरात होते.

दुसरे उदाहरण आपल्यासारख्याच, महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसाचे. इंदुरास दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी कलाशाळा चालविली. नारायण श्रीधर बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, विष्णू चिंचाळकर हे तिघेही त्यांच्या हाताखाली शिकले. बेंद्र्यांचा रंग, हुसेनांची रेघ, आणि वाळलेल्या पानांतून, काटक्याकुटक्यांतून पशुपक्षी शोधणारी चिंचाळकर गुरुजींची नजर, यांत साम्य कोठे आहे? शिष्य एकमेकांसारखे झाले नाहीत, हेच त्या गुरूचे प्रशस्तिपत्र. गंमत अशी की वाळक्या लाकडांच्या तुकड्यांतून आकृती शोधण्याचा हाच खेळ इकडे अवनींद्रनाथ ठाकूर उतारवयात खेळत होते. त्यांच्या त्या 'कुटुम-काटाम'ची नावे बंगाली घरांत आजही घेतात. अशा खेळाला फी लागत नाही, की क्लास लागत नाही. आपल्या मुलांबरोबर तो एखाद्या रविवारी आपणही खेळून पाहावा.

हे झाले सर्वांसाठी. आपण घरापासून दूर राहणारी माणसे. आपल्यासाठी आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे. आपली मुले घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि गल्लीत बंगाली बोलतात. नव्याने आलेल्या मुलाची इकडे काही दिवस वाचाच बसते. अशा वेळी चित्राचा वर्ग ही एकच जागा अशी असते की जेथे बोलता न येणारे मूलही मागे पडत नाही. म्हणून आम्ही आग्रहाने सांगतो की केवळ शिक्षक मराठी आहे म्हणून लांबचा वर्ग निवडू नये. पाड्यातील वर्गात चांगला शिक्षक असेल तर तेथेच घालावे. तेथे ते आलपना शिकेल. घरी आजीने शिकविलेली ठिपक्यांची रांगोळी ते तेथे घेऊन जाईल. तांदळाच्या पिठीच्या ओल्या रेघेने काढलेली आलपना आणि कोरड्या चिमटीतून सोडलेली रांगोळी, या दोन्ही एकाच अंगणात काढता येणारे मूल दोन्हीकडचे होते. दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या कामट्या बांधावयास त्याने बंगाली मित्रास घरी बोलवावे. त्याच्या सरस्वतीमूर्तीची माती मळावयास आपण जावे. आपलेपण टिकविणे म्हणजे दार लावून बसणे नव्हे.

आमच्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. तिला आम्ही क्लासातून काढले. जवळजवळ वर्षभर तिने कागदाला हात लावला नाही, आणि आम्हीही आग्रह केला नाही. मग पाड्यातील एका निवृत्त शिक्षकांकडे ती जाऊ लागली. ओसरीवर सातआठ मुले, कोळसा, माती, जुनी वर्तमानपत्रे. ना ढाली, ना प्रशस्तिपत्रे. पहिल्या दिवशी त्यांनी तिला काही काढावयास सांगितलेच नाही. गावी कोण असते, ते विचारले. आजी असते. ती काय करते? भाकरी करते. त्या बंगाली गृहस्थांना भाकरी म्हणजे काय ते माहीत नव्हते, आणि ते त्यांनी मोकळेपणे कबूल केले. तेव्हा मुलीस ते समजावून सांगणे भाग पडले. बंगाली शब्द अपुरे पडले. तिने हात थापून दाखविले. तेवढ्याने त्यांचे समाधान होईना, म्हणून त्यांनी मातीचा गोळा पुढे केला. तिने तो थापला, फिरविला, मोठा केला. मग चूल केली. मग चुलीपुढे बसलेली आजी केली. तिचे हात तर भाकरीहून मोठे झाले. मास्टरमशायांनी त्यांना बोट लावले नाही. आम्ही न्यावयास गेलो तेव्हा त्यांनी आम्हांस एकच प्रश्न विचारला, भाकरी करताना पाणी थंड घेतात की ऊन? आम्हांस सांगता आले नाही, मुलीने सांगितले.

त्यानंतर पत्रामागे पुन्हा चित्रे जाऊ लागली. मुलगी चित्रकार झाली नाही. तशी आमची अपेक्षाही नव्हती. पण आज चाळिशीकडे झुकली तरी हातात पेन्सिल असली की काही ना काही काढते, आणि कोणाला विचारीत नाही.

मातोश्री १९९९ साली गेल्या. त्यांच्या सामानाची आवराआवर करताना हरिविजयाच्या पोथीत घडी घालून ठेवलेले एक जुने पत्र सापडले. मजकूर आमचा होता, पण पत्र जपले होते ते मजकुरासाठी नव्हे. मागल्या बाजूस लिंबाएवढ्या डोक्याची आणि परातीएवढ्या हातांची बाई चुलीपुढे बसली होती. आम्ही कौतुकाने पाठविलेले ते डोंगर, नदी आणि नारळाचे झाड मात्र घरात कोठेही आढळले नाही.

उभा जन्म पंधरा माणसांच्या भाकऱ्या थापल्या त्या बाईचे हात मोठेच होते. पाच वर्षांच्या मुलीस ते दिसले होते, आणि जिचे हात तिला ते पटले होते. आपल्या मुलांसाठी वर्ग निवडताना, त्यांस जे दिसते ते तेथे पुसले जाणार नाही एवढे आपण जाऊन पाहावे, हीच आमची विनंती.